सातवीची पावनखिंड

ऐतिहासिक कादंबरी शाळकरी मुलांच्या हाती द्यावी की देऊ नये, हा वाद शिक्षकांच्या खोलीत वर्षानुवर्षं चालत आला आहे. एक बाजू म्हणते, मुलं हल्ली वाचतच नाहीत, निदान शिवकाळाच्या गोष्टींनी तरी त्यांना गोडी लागेल. दुसरी बाजू म्हणते, कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे, मुलं कल्पनेलाच खरं धरून बसतील. आमची अडचण या दोन्हींहून वेगळी आहे आणि ती त्या खोलीत कुणी उघड बोलत नाही. वर्गात चाळीसेक मुलं असतात, त्यांत मुसलमानांची पाच-सहा. वाचता वाचता 'शत्रू' हा शब्द आला, की काही डोळे नकळत त्या पाच-सहा मुलांकडे वळतात. कुणाच्या मनात वाईट असतं असं नाही. पण डोळे वळतात, आणि ती मुलं पुस्तकात मान खाली घालतात.

स्नेहसंमेलनातही हेच चालतं. अफझलखान किंवा सिद्दी जौहर हवा असला, की 'तुझं नावच तसलं आहे, तूच हो' असं हसत हसत सांगितलं जातं. पोरगंही हसतं आणि कापसाची दाढी लावून उभं राहतं. अशी दाढी लावलेली पोरं पुढं मोठी होतात, काही आमच्यासारखी शिक्षक होतात. या अंकाच्या वाचकांना याहून जास्त सांगायला नको.

आम्ही म्हणजे मुरगूडच्या एका शाळेतले तिघं : मराठीचे सर, इतिहास-भूगोलाचे सर आणि चित्रकलेच्या बाई. यांतल्या मराठीच्या सरांचं नाव मुसलमानी आहे आणि लेखणी त्यांच्या हातात आहे. पण काम तिघांचं, म्हणून 'आम्ही'.

मुरगूड हे कागल तालुक्यातलं वेदगंगेकाठचं गाव. पूर्वी कागलच्या जहागिरीतलं. राजर्षी शाहूंचे धाकटे बंधू सर पिराजीराव घाटगे यांच्या नावाचा तलाव गावाला आहे. शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात मुसलमान विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी संस्था उभी केली, मुस्लिम बोर्डिंग चालवलं, ही आठवण या भागातल्या मुसलमान घरांत अजून सांगितली जाते. आमची मुलं घरी दख्खनी बोलतात, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की रांगडी कोल्हापुरी. शाळेत मराठीच्या पेपरात ती कुणाला हार जात नाहीत. म्हणून कादंबरी नकोच, असं म्हणून दार लावून घेणं आम्हाला पटत नव्हतं. भाषा त्यांची, मुलूख त्यांचा; मग या मुलखावरची कादंबरी त्यांनी का सोडायची?

जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाईलच्या स्टेटसवरून दंगल झाली, इंटरनेट बंद पडलं. अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसांवरून आजच्या दुकानांच्या काचा फुटल्या. मुलांना इतिहास कुठून तरी कळणारच. आपण शिकवला नाही तर मोबाईल शिकवील, हे तेव्हा आमच्या मनानं घेतलं. पुढच्या वर्षी, म्हणजे जून २०२४ मध्ये शाळा उघडल्यावर आम्ही सातवीला अवांतर वाचनासाठी रणजित देसाई यांची 'पावनखिंड' घेतली.

तीच का, याची कारणं साधी होती. देसाई आपल्याच जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातले, कोवाडचे. त्यांची 'स्वामी' १९६२ साली आली आणि १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, हे मोठ्यांना ठाऊक असतं. पण 'पावनखिंड' त्या मानानं छोटेखानी, बाजीप्रभूंच्या आयुष्याभोवती फिरणारी, तेरा वर्षांच्या मुलाला पेलणारी. शिवाय पन्हाळा एका दिवसात जाऊन येण्याजोगा. गोष्ट मुलांना आधीपासूनच तोंडपाठ असते. आणि तोंडपाठ गोष्टीचाच खरा त्रास असतो : मुलं ती ऐकत नाहीत, घोषणेसारखी म्हणतात. आम्हाला ती त्यांच्या हातांतून आणि पायांतून जाऊ द्यायची होती.

पहिल्याच दिवशी आम्ही चिठ्ठ्यांचा डबा ठेवला. प्रत्येकानं एक चिठ्ठी उचलायची आणि कादंबरी संपेपर्यंत त्या माणसाच्या बाजूनं वाचायचं, वहीत त्याची रोजनिशी लिहायची. डब्यात राजाची चिठ्ठी नव्हती, बाजीप्रभूंचीही नव्हती. होते ते पालखीचे भोई, बांदलांच्या तुकडीतला मावळा, गडावरचा कोठारकारकून, शिवा काशीदचा शेजारी, जौहरच्या वेढ्यातला पहारेकरी, तोफेला वात लावणारा, राजापूरच्या वखारीतून तोफा घेऊन वेढ्यात आलेला इंग्रज, गजापूरचा शेतकरी. आणि सिद्दी हिलाल व त्याचा मुलगा वाहवाह.

ही शेवटची दोन नावं मुलांनी कधी ऐकली नव्हती. सिद्दी हिलाल आदिलशाही सोडून शिवाजी महाराजांकडे आलेला सरदार. डिसेंबर १६५९ मध्ये कोल्हापुरानजीक आदिलशाही फौजेशी जी लढाई झाली, तीत तो महाराजांच्या बाजूनं लढला. पुढं पन्हाळ्याला वेढा पडला तेव्हा नेताजी पालकर आणि हिलाल यांनी बाहेरून जौहरच्या फौजेवर चाल केली. ती फसली. तीत हिलालचा तरुण मुलगा वाहवाह जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. म्हणजे वेढा घालणाराही सिद्दी आणि वेढा फोडायला आलेल्यांतही सिद्दी. उलट विशाळगडाच्या पायथ्याशी आदिलशहाच्या वतीनं वाट अडवून बसलेले शृंगारपूरचे सुर्वे आणि पालवणचे दळवी मराठे होते. भूगोलाच्या सरांनी जगाच्या नकाशावर हबसाण, म्हणजे आजचा इथिओपियाकडचा भाग, दाखवला. समुद्रापलीकडून आलेली माणसं या डोंगरांत कुणाकुणाच्या बाजूनं लढली, हे पाहून मुलं चक्रावली. आम्ही त्यावर भाष्य केलं नाही. चिठ्ठ्या पुरेशा होत्या.

चिठ्ठ्या जशा निघाल्या तशाच ठेवल्या. शिवा काशीदची शेजारीण एका मुसलमान मुलीच्या वाट्याला आली. जौहरचा पहारेकरी झाला एका माळकरी घरातला मुलगा. तो कुरकुरला. "सर, बदलून द्या की." बदलून मिळणार नाही, हा नियम सर्वांना सारखाच होता. वाहवाहची चिठ्ठी एका मोमीन पोराला निघाली. तो काही बोलला नाही. चिठ्ठी घडी घालून कंपासपेटीत ठेवली.

मग हातांचं काम सुरू झालं. चित्रकलेच्या बाईंनी कुंभाराकडून माती आणवली आणि मागच्या व्हरांड्यात जुन्या दारावर पन्हाळा ते विशाळगड असा उठावाचा नकाशा करायला घेतला. राजदिंडीची वाट, म्हाळुंगे, मसाई पठार, कुंभारवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, माळेवाडी, पांढरपाणी, मग खिंड, मग गजापूर आणि विशाळगड. साठेक किलोमीटरची ही वाट मुलांनी बोटांनी केली. डोंगर चढवताना त्यांनाच कळलं की सपाट कागदावरची रेघ काहीच सांगत नाही. पठार संपून उतार लागतो तिथं एकानं विचारलं, "हितं घसरलं आसतील न्हवं?" कादंबरीत त्या उताराला किती ओळी दिल्यात ते मग सगळ्यांनी शोधलं. पुस्तकाकडे असं परत जाणं आम्हाला हवं होतं.

घोंगड्यांचा प्रयोग मुलांना सर्वांत आवडला. आमच्या भागात धनगरवाड्यांमुळं घोंगडं नवीन नाही. एक घोंगडं किराणा दुकानाच्या काट्यावर कोरडं तोललं, मग पावसात तासभर दोरीवर टाकून पुन्हा तोललं. काटा दुपटीच्या पुढं गेला. ते ओलं घोंगडं पांघरून मुलांनी मैदानाला दहा फेऱ्या मारल्या. दुसऱ्या दिवशीच्या रोजनिशीत मावळ्यांनी शौर्याचं कमी आणि खांद्याचं जास्त लिहिलं. जौहरच्या पहारेकऱ्यानंही लिहिलं : राहुटी गळते, जळण पेटत नाही, आणि गडावरचे लोक कोरड्यात झोपले असतील याचा राग येतो. ज्या मुलानं चिठ्ठी बदलून मागितली होती, त्याचं हे लिहिणं.

मुलींनी एक दिवस खडसावून विचारलं, "यात आम्ही कुठं?" प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर आम्ही जात्यापाशी शोधलं. एका घरातून जुनं जातं आणलं, पायली-शेराची मापंही आणली. हिशेब फळ्यावर मांडला : महाराजांबरोबर गडाबाहेर पडले ते सुमारे सहाशे. माणशी रोज अर्धा किलो धान्य धरलं तर दिवसाला तीन क्विंटल. महाराज २ मार्च १६६० रोजी पन्हाळ्यावर आले आणि १२ जुलैच्या रात्री निघाले, म्हणजे एकशे बत्तीस दिवस. एवढ्या सहाशे जणांनाच चारशे क्विंटलच्या आसपास धान्य लागलं, बाकीची शिबंदी वेगळीच. मग मुलगे आणि मुली आळीपाळीनं जात्यावर बसले. अर्धा किलो नाचणी दळायला पाऊण तास गेला, हाताला फोड आले ते निराळे. वेढ्याचे चार महिने कुणाच्या तरी दंडांवर उभे होते आणि त्या दंडांचं नाव कुठंच आलं नाही, हे मुलींनी मुलग्यांना ऐकवलं. डिसेंबरात एस.टी.नं पन्हाळ्याला गेलो तेव्हा अंबरखान्याच्या त्या प्रचंड कोठारांत शिरून मुलं पहिलं काय बोलली असतील? "एवढं दळलं कुणी?"

कादंबरी आणि इतिहास यांतला फरक दोऱ्यांनी शिकवला. प्रत्येक प्रकरण वाचून झालं की जे कागदपत्रांत किंवा जुन्या ग्रंथांत सापडतं त्याला पांढरा दोरा, जे परंपरा सांगते त्याला पिवळा, जे लेखकानं मनानं रचलं त्याला निळा. वेढा, रात्रीचं निसटणं, खिंडीतली झुंज, बाजींचं मरण यांना पांढरा दोरा. बाजी मनात काय म्हणाले, याला निळा. निळे दोरे फार झाले तेव्हा एक मुलगी म्हणाली, "म्हणजे लेखक खोटं बोलतो?" आम्ही म्हणालो, तू रोजनिशीत भोयाच्या मनातलं लिहितेस ते खोटं आहे का? ती विचार करून म्हणाली, "खोटं न्हाई. पण ते माझं आहे." कादंबरीची याहून सोपी व्याख्या आम्हाला सांगता आली नसती. ज्या मुलाला निळा दोरा ओळखता येतो, तो पुढं मोबाईलवर आलेला मजकूरही दोरा हातात घेऊन वाचील, एवढी आमची आशा.

एक पालक तक्रार घेऊन आले. मुलगा मातीत, पावसात, जात्यावर. परीक्षेत हे किती गुणांना येतं? आम्ही त्यांना रोजनिशी वाचायला दिली. ते ती घरी घेऊन गेले आणि चार दिवसांनी परत केली. पुन्हा गुणांचं काही बोलले नाहीत.

आणि मग १४ जुलै २०२४ चा रविवार आला. विशाळगडावरच्या अतिक्रमणांच्या आंदोलनाला त्या दिवशी हिंसक वळण लागलं आणि गडाच्या अलीकडच्या गजापुरात जमावानं मशिदीची नासधूस केली, मुसलमानांची घरं आणि गाड्या फोडल्या. ज्या विशाळगडावर बाजीप्रभू आणि फुलाजी यांच्या समाध्या आहेत, त्याच गडावर मलिक रेहान यांचा दर्गा आहे, आणि तिथं नवस बोलायला सगळ्या जातिधर्मांचे लोक पिढ्यान् पिढ्या जात आले आहेत. तारखाही कशा जुळाव्यात! बाजी पडले ती १३ जुलै.

सोमवारी सकाळी एक बाप फाटकापाशी थांबला होता. "सर, पोरगं चार दिस घरात ठिवू काय?" त्याला काय सांगावं? शाळेत काही होणार नाही, हे आम्ही सांगू शकत होतो. रस्त्याचं सांगू शकत नव्हतो. "पाठवा," आम्ही म्हणालो, "संध्याकाळी आम्ही घरापर्यंत सोडतो." चार दिवस आम्ही तसं केलं.

वर्गात त्या दिवशी गलका नव्हता. मधल्या सुट्टीत काही मुलं व्हरांड्यातल्या मातीच्या नकाशाभोवती उभी होती. खिंडीच्या पुढं काडीला चिकटवलेली कागदाची पाटी होती : गजापूर. मुलांनीच लिहिलेली. एकानं विचारलं, "सर, हेच ते गजापूर काय?" हेच, आम्ही म्हणालो. पुढं कुणी बोललं नाही. त्या पाटीवर मसाई पठारापासून बोटं फिरवलेली होती, पांढरपाण्याचा ओढा नखानं काढलेला होता. स्वतःच्या हातानं केलेलं गाव टीव्हीवरच्या गावासारखं परकं राहत नाही, हे त्या मुलांच्या तोंडांवर दिसत होतं.

आम्ही भाषण केलं नाही, शांततेचे घोष दिले नाहीत. ठरल्याप्रमाणे रोजनिशीचा तास घेतला. गजापूरच्या शेतकऱ्याची चिठ्ठी ज्या मुलीकडे होती, तिची वही महिनाभर जवळजवळ कोरी होती. या माणसाला कादंबरीत काहीच काम नाही, अशी तिची तक्रार होती. त्या दिवशी तिनं लिहिलं : 'रात्री घोडे आले. कुणाचे ते कळलं नाही. आम्ही दार लावून घेतलं. भांडण आमचं नव्हतं, पण खिंड आमच्या गावाची होती. सकाळी भाताचं रोप तुडवलेलं होतं. ते कुणी भरून देणार?' तिनं ते उभं राहून वाचलं. तिच्या मागच्या बाकावर ते मोमीन पोर होतं. त्यानं कंपासपेटी उघडून आपली घडी घातलेली चिठ्ठी काढली, उलगडून पाहिली आणि वहीत लिहायला लागला. वाहवाहची रोजनिशी त्या दिवशी सुरू झाली. पहिलंच वाक्य होतं, 'माझे वडील येतील असं मला वाटतं.' त्याच्या घरचं आणि वाहवाहचं यांतलं कोणतं कुठं संपतं, हे आम्ही विचारलं नाही.

त्याच आठवड्यात, १७ जुलैला, आषाढी एकादशी आणि मोहरमची दहावी एकाच दिवशी होती. आमच्या भागात पीर बसतात ते हिंदू-मुसलमानांचे मिळून. भीती होतीच, पण सण गेला. शनिवारी आम्ही पालखीचा तास घेतला. दोन बांबू, मध्ये बांधलेली खुर्ची, तीवर चाळीस किलो वाळूचं पोतं. पावसानं मैदानाचा चिखल झालेला. चार-चार जणांनी उचलायची आणि खाली न टेकता सबंध मैदान ओलांडायचं. पहिल्या तीन तुकड्यांनी निम्म्यातच टेकवली. खांदा बदलताना पालखी एका अंगाला कलंडायची.

मग दोघं पुढं आले. एकानं गावच्या अंबाबाईची पालखी धरलेली, दुसऱ्यानं चार दिवसांपूर्वीच चुलत्याबरोबर ताबुताला खांदा दिलेला. दोघांना एकच युक्ती माहीत होती : सुटणाऱ्यानं आधी निघायचं नाही, येणाऱ्यानं आधी शिरायचं. नव्या खांद्यावर भार बसला की जुन्यानं वाकून बाहेर पडायचं, आणि पावलं सगळ्यांची एकसारखी. त्यांनी ती सगळ्या वर्गाला शिकवली. पंधरवड्यानं, पूर ओसरून शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा, पालखी खाली न टेकता मैदानाच्या चार फेऱ्या झाल्या. भोयाची चिठ्ठी असलेल्यानं लिहिलं की इतिहासात महाराज वाचले हे येतं, खांदा कसा बदलला ते येत नाही.

कादंबरी वाचून दंगली थांबतात, असा आमचा दावा नाही. तेवढ्यानं थांबल्या असत्या तर हा महाराष्ट्र केव्हाच शांत झाला असता, इतक्या ऐतिहासिक कादंबऱ्या इथं घरोघर आहेत. आमचा अनुभव एवढाच, की माणूस कुठल्या बाजूचा, हा प्रश्न आधी विचारला की गोष्ट तिथंच संपते. त्या माणसावर किती ओझं होतं, हे आधी विचारलं की गोष्ट सुरू होते. आणि ओझं कळायला ते थोडं तरी उचलावं लागतं. मुसलमान मुलाला बाजीप्रभू आवडतात हे त्यानं सिद्ध करून दाखवायची गरज या वर्गात उरली नाही. त्यानं पालखीला खांदा दिला होता, तेवढं पुरे होतं. १९९० साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हापासून आपण म्हणत आलो की मराठी आमची आहे. आमच्या मते ही मराठी नुसती लिहून आमची होणार नाही, सातवीच्या बाकावर बसून तिच्या कादंबऱ्या निर्भयपणे वाचता आल्या पाहिजेत.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यांत पन्हाळाही आहे. नव्या सातवीला ही बातमी आदल्या वर्षीच्या मुलांनीच येऊन सांगितली. मातीचा नकाशा पावसानं विरघळला होता, तो नव्यांनी पुन्हा केला. गजापूरची पाटी त्यांनी आठवणीनं लावली. चिठ्ठ्यांचा डबा तोच आहे. जुन्या मुलांनी जाताना त्यात स्वतःहून चार चिठ्ठ्या वाढवल्या आहेत : जात्यावरची बाई, वेढ्यातला भिस्ती, पन्हाळ्याच्या दर्ग्याचा मुजावर आणि विशाळगडाखालचा गुराखी. राजाची चिठ्ठी कुणीच टाकलेली नाही.